औषध कोणतं मारू, हे विचारण्याआधी आंब्याच्या बुडाशी जरा बसा

पत्राचा गोषवारा: जळगाव जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावाहून एका ताईंनी लिहिलंय. घरामागच्या अंगणात सासऱ्यांनी लावलेला गावरान आंबा आहे, वय चाळिशीच्या पुढचं. तीन वर्षांपूर्वी मुलाने घर वाढवलं तेव्हा अंगणभर पेव्हर ब्लॉक बसवले, थेट खोडाला भिडेपर्यंत. गेल्या पावसाळ्यापासून बुंध्याशी लाकडाचा भुसा पडतोय, खोडातून डिंकासारखं पाणी गळतंय आणि एक मोठी फांदी वाळली. मोहराच्या दिवसांत पानं चिकट झाली, मग काळी पडली. खाली वाळत घातलेल्या कपड्यांवर डाग उमटले. खोडाच्या एका बाजूने उधईची, म्हणजे वाळवीची, माती चढलीय. शेजारी म्हणतात, भोकात सल्फासची गोळी टाका. दुकानदाराने 'सगळ्यांत स्ट्राँग' म्हणून दोन बाटल्या दिल्यात, त्या अजून फोडलेल्या नाहीत. मुलगा म्हणतो, झाड गेल्यात जमा आहे, तोडून गाडीला शेड करू. ताई विचारतात: कीड एकदाची संपेल असं औषध कोणतं? आणि आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी झोका बांधतात ती फांदी अजून हिरवी असताना झाड वाचवायचा हट्ट धरते, तो चुकीचा आहे का?

ताई,

बाटल्या फोडल्या नाहीत हे फार बरं केलंत. नातवंडांचा हात पोचणार नाही अशा जागी ठेवा आणि दुकानदार घेत असेल तर परत करा. का, ते सांगतोच.

तुम्ही कीड एकच आहे असं धरून चालला आहात. पण तुम्ही लिहिलेल्या खुणा तीन वेगवेगळ्या किडींच्या आहेत आणि तिन्हींचा धोका सारखा नाही. नजरेत भरते ती सगळ्यांत कमी धोक्याची आणि झाड घेऊन जाणारी असते ती दिसतच नाही, अशी यातली गंमत आहे. कपड्यांवर डाग पडले म्हणून घरात आरडाओरडा झाला असणार. भुसा मात्र वर्षभर रोज झाडून टाकला गेला असणार.

आधी ते चिकट प्रकरण उरकू. ते तुडतुड्यांचं काम. गव्हाच्या दाण्याहून लहान, पाचरीच्या आकाराचे, मोहराजवळ हात नेला की तडतड उडणारे. ते कोवळ्या पानांतला आणि मोहरातला रस शोषतात आणि अंगातून गोडसर चिकटा सोडतात. त्या चिकट्यावर काळी बुरशी वाढते. ती पानाच्या आत शिरत नाही, वरच्यावर बसते. दोन-चार जोरदार पावसांत बरीचशी धुऊन जाते. तुडतुड्यांनी मोहर गळतो, फळ कमी येतं. बागायतदाराला ते परवडत नाही म्हणून तो फवारे मारतो. तुम्हाला आंबे विकायचे नाहीत. चाळिशीतलं झाड एका हंगामाच्या तुडतुड्यांनी मरत नाही. आता मे संपत आला, मोहर कधीच झडला; या घडीला त्यांच्यासाठी काही फवारणं म्हणजे पैसे फरशीवर ओतणं.

उधईचंही तसंच. ती बहुतेक वेळा मेलेली साल खाते. मातीचे थर काथ्याच्या ब्रशने खरवडून काढा आणि खालची साल नखाने टोकरून बघा. आत हिरवट ओलावा असेल तर उधई वरवरचीच आहे. साल पोकळ वाजून ढलपी निघत असेल, तर उधई येण्याआधी तिथे दुसरं कोणी तरी काम करून गेलंय.

तो दुसरा म्हणजे खोडकिडा, काही भागांत त्याला भिरूड म्हणतात. तुमच्या झाडाचा खरा प्रश्न हा आहे.

याचा भुंगेरा करड्या रंगाचा, पाठीवर पिवळट-नारिंगी ठिपके, मिशा अंगाइतक्या लांब. बोटाच्या दोन पेरांएवढा असतो आणि हातात धरला तर चर्र चर्र आवाज करतो. मृगाचा पाऊस पडला की हे भुंगेरे बाहेर पडतात आणि मादी सालीच्या भेगांत, जखमांत अंडी घालते. आठ-पंधरा दिवसांत अळी निघते आणि आत शिरते. पांढरट, बिनपायाची, तपकिरी डोक्याची ही अळी वर्षभर खोडात राहून लाकूड पोखरते आणि वाढून बोटाएवढी होते. वरून काय फवारता? ती आत आहे. दुकानातली सगळ्यांत जहाल बाटली पंपात भरून झाड न्हाऊ घातलं, तरी खोडात चार बोटं आत बसलेल्या अळीला त्याचा पत्ताही लागत नाही. मरतात त्या बाहेरच्या मधमाश्या, कोळी, ढालकिडे, म्हणजे तुडतुड्यांना खाणारेही.

म्हणून पहिलं काम औषधाचं नाही. उद्या सकाळी बुंध्याभोवतीची जागा लख्ख झाडून घ्या आणि जुनी पांढरी चादर अंथरा. दुसऱ्या दिवशी बघा. ताजा भुसा फिका आणि दमट असतो, जुना काळपट आणि कोरडा. भुसा जिथे पडला त्याच्या सरळ वर खोडावर नजर फिरवा, भोक सापडेल. ओल्या डागाशेजारी, कुठे फांदीच्या बेचक्यात. भोक गोल, बोट जाईल एवढं आणि कडा स्वच्छ असेल, भुसा येत नसेल, तर तिथून भुंगेरा निघून गेलाय. ते नुसतं लिंपून टाका. भुसा खाली न पडता सालीवर जाळ्यात अडकून दोऱ्यासारखा लोंबत असेल, तर ती साल खाणारी अळी. ती दिवसा जवळच्या बिळात बसते, रात्री जाळ्याखाली साल कुरतडते. ते जाळं खरवडून काढलं की तिचंही बीळ उघडं पडतं.

जिवंत भोक सापडलं की सायकलच्या ब्रेकची तार घ्या. ती लवचीक असते, वळणात जाते. भोकातला भुसा उकरून काढा आणि तार हळूहळू, बहुतेक वेळा वरच्या दिशेला, जाईल तितकी आत घाला, मागेपुढे करा. टोक पांढरट चिकट लागून बाहेर आलं की अळी संपली. मग रॉकेलमध्ये, ते मिळत नसेल तर पेट्रोलच्या चार थेंबांत, कापसाचा बोळा भिजवून आत दाबा आणि चिखल-शेणाने भोक घट्ट बंद करा. जवळ विडी-काडी नको. आठ दिवस चादर तशीच राहू द्या. नवा भुसा पडला तर पुन्हा तोच उद्योग. हे काम कंटाळवाणं आहे, पण खोडकिड्यावर याच्याइतकं खात्रीचं दुसरं काही नाही, आणि ते साठीतल्या बाईलाही स्टुलावर बसून जमतं. वरच्या फांद्यांचं मात्र माहीतगार माणसाकडून करून घ्या, तुम्ही शिडीवर चढू नका. खोडावर सुतारपक्षी ठोकताना दिसला तर हाकलू नका. तो त्याच अळ्या शोधतोय.

शेजाऱ्यांचा सल्ला ऐकून मला धास्ती वाटली. सल्फासची गोळी, म्हणजे ॲल्युमिनियम फॉस्फाइड, हवेतल्या ओलाव्याने विषारी वायू सोडते. त्या वायूवर उतारा नाही. ती साध्या गिऱ्हाइकाला विकायलाच परवानगी नाही, हे विकणाऱ्यालाही माहीत असतं. घराला लागून असलेल्या, खिडकीसमोरच्या झाडात ती टाकायचा विचार कोणी केला तर त्याच्या हातून गोळी काढून घ्या. जुन्या पुस्तकांत बोळ्यासाठी डायक्लोरव्हॉस सांगितलेलं असतं, गावात जे नुवान नावाने ओळखतात. ३१ डिसेंबर २०२० पासून ते देशात बंद आहे. कोणाच्या गोठ्यात जुनी बाटली पडलेली असते, ती आणू नका.

फवाऱ्याचंही बोलून घेऊ. उंच झाडाला खालून फवारा मारला की निम्मं औषध मारणाऱ्याच्या डोक्यावर, तोंडावर परत येतं. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या वर माणसं गेली. त्या वेळी कपाशी डोक्याएवढी वाढली होती, हेही एक कारण सांगितलं गेलं. तुमचं झाड त्याच्या कितीतरी पट उंच आहे आणि त्याच्या सावलीत तुम्ही पापड वाळवता.

आता मुद्द्याचं. खोडकिडा धडधाकट झाडालाही लागतो, पण अशक्त झाडावर तो जास्त बसतो आणि तिथेच टिकतो. मग चाळीस वर्षं ज्याला काही झालं नाही, ते झाड याच तीन वर्षांत का खचलं? उत्तर तुमच्या पत्रातच आहे, तुम्ही ते घर वाढवण्याच्या ओळीत लिहून पुढे गेलात. आंब्याची अन्न-पाणी घेणारी बारीक मुळं वरच्या मातीत, फांद्यांच्या घेराखाली पसरलेली असतात. त्यांच्यावर खडीचा थर, त्यावर ब्लॉक, सांध्यांत सिमेंट. पावसाचं पाणी उताराने गटारीत. खाली काळी माती, जी उन्हाळ्यात आकसते, भेगाळते आणि मुळं तोडते. आणि वर जळगाव-भुसावळचं ऊन, पारा ४५ च्या घरात. ब्लॉकवर दुपारी पाय ठेववत नाही. खाली मुळं आहेत. गादीखाली तोंड दाबून धरलेल्या माणसाला टॉनिक पाजावं तसं आपण वरून औषध शोधतोय.

तेव्हा खोडापासून निदान चार-पाच फुटांपर्यंत चहूबाजूंनी ब्लॉक काढा, जमलं तर आणखी. कामाला पहार लावताना मूळ तुटणार नाही इतकी काळजी घ्या, खडी हाताने काढा. ब्लॉक फोडायचे नाहीत, ते सुटे निघतात आणि दुसरीकडे वापरता येतात. ही गोष्ट मुलाला सांगताना उपयोगी पडेल. मोकळ्या झालेल्या जागेत चार-पाच पाट्या कुजलेलं शेणखत आणि वर पालापाचोळ्याचा जाड थर द्या, पण खोडाला टेकवू नका, वीतभर अंतर सोडा. माती खोडावर चढवणंही नको. पाऊस लागेपर्यंत आठ-दहा दिवसांनी एकदा, संध्याकाळी, नळी बारीक सोडून खोलवर पाणी. आपल्याकडे खोडालाच आळं करून पाणी तुंबवायची सवय आहे, त्याने बुंधा सडतो. दुहेरी आळं करा: आतलं कोरडं, पाणी बाहेरच्या कड्यात. युरिया टाकू नका. खचलेल्या झाडाला युरियाने लुसलुशीत पालवी फुटते आणि तुडतुड्यांची चैन होते.

वाळलेली फांदी मृगाच्या आधी काढायलाच हवी. तिच्यातल्या अळ्यांचे पावसात भुंगेरे होतील. कापताना जिथे ती खोडाला मिळते तिथल्या फुगीर गळ्याला धक्का न लावता कापा, खोडाला घासून नको. सरपण म्हणून अंगणात रचून ठेवू नका, नाहीतर आतली पिढी तिथेच पुरी होते, लगेच जाळा. कापलेल्या जागी आणि साल सुटलेल्या भागावर, मेलेली साल कोयत्याने स्वच्छ करून, बोर्डो पेस्ट लावा: १ किलो मोरचूद (कॉपर सल्फेट), १ किलो कळीचा चुना, १० लिटर पाणी, याच प्रमाणात लागेल तेवढी. दोन्ही वेगवेगळे भिजवून प्लास्टिकच्या बादलीत एकत्र करा, लोखंडी भांडं नको. तयार पेस्टीत लोखंडी खिळा बुडवून बघा. त्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडलाय. खोडाला कपड्यांच्या दोरीसाठी मारलेले खिळे असतील तर तेही निघू द्या. प्रत्येक खिळा ही मादीला अंडी घालायला केलेली जागा आहे.

झोक्याबद्दल. आखाजीला झोका नाही म्हणजे माहेरपणाला चव नाही, हे कोणा खान्देशीला समजावून सांगायला नको. तरी पुढच्या आखाजीला बांधायच्या आधी ती फांदी खालून कोयत्याच्या मुठीने ठोकत खोडापर्यंत जा. आवाज भरीव हवा. खोडाशी भोक, डिंक किंवा पोकळ आवाज असेल, किंवा ती वाळलेल्या फांदीच्या बाजूलाच असेल, तर झोका दुसरीकडे बांधा. लेकींना वाईट वाटेल, पण वर हिरवी पानं असलेली फांदीही आतून पोखरलेली असू शकते. भरीव असेल तर दोराखाली गोणपाटाची जाड घडी घाला आणि सण झाला की दोर सोडून ठेवा. वर्षानुवर्षं एकाच जागी घासणाऱ्या दोराने साल जाते.

आता मुलगा. तुम्ही पत्रात त्याची बाजू एका ओळीत उरकलीय आणि मला वाटतं त्याला थोडा अन्याय झालाय. पेव्हर त्याने तुमच्या पायाला चिखल लागू नये म्हणूनच बसवले असतील. 'तुझ्या फरशीने आजोबांचं झाड मारलं' असं सुरू केलंत तर तो शेडवरच अडेल. चादरीवरचा ताजा भुसा त्याला दाखवा, तार त्याच्याच हातात द्या. अळी स्वतःच्या हाताने बाहेर काढली की माणूस झाडाच्या बाजूने होतो, हे मी बऱ्याच घरांत पाहिलंय. गाडीचं म्हणणंही खोटं नाही: चिकटा रंगावर बसतो, फांदी पडू शकते. गाडी झाडाखालून हलवणं हा झाड तोडण्यापेक्षा स्वस्त उपाय आहे, एवढंच. शिवाय तोडणं त्याला वाटतं तितकं सोपं नाही. नगरपालिकेच्या हद्दीत १९७५ च्या झाडं जतनाच्या कायद्याने परवानगी लागते. २०२१ च्या दुरुस्तीनंतर पन्नाशी ओलांडलेलं झाड वारसा वृक्ष धरतात, त्यामुळे सासऱ्यांनी ते नक्की कधी लावलं हे घरात विचारून ठेवा. ग्रामपंचायतीच्या हद्दीतही १९६४ च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीत आंबा आहे.

हट्ट चुकीचा आहे का, याचं उत्तर मी आत्ता देणार नाही, तुम्हीही देऊ नका. हा पावसाळा जाऊ द्या. दसरा-दिवाळीपर्यंत नवी पालवी कुठे कुठे फुटली ते बघा. निम्म्याहून जास्त डेरा वाळला, खोडाचा निम्म्याहून जास्त घेर पोकळ वाजू लागला किंवा झाड घराकडे कलू लागलं, तर तोडा, आणि त्याचं मनाला लावून घेऊ नका. खाली माणसं वावरतात. पालवी आली तर झाडाने स्वतःच उत्तर दिलं.

तोवर दोन तारखा ध्यानात ठेवा. मृग लागला की रात्री अंगणातल्या दिव्याखाली बघत जा, ते मिशाळ भुंगेरे उजेडाला येतात. सापडला की मारायचा. एक मादी पकडली तर पुढच्या वर्षीच्या कितीतरी अळ्या टळल्या. आणि मोहर डोकावायला लागला, पण फुलं उमललेली नाहीत, तेव्हा हात पोचेल तितक्या भागावर ५ टक्के निंबोळी अर्क: अर्धा किलो निंबोळीची भरड रात्रभर पाण्यात भिजवून, फडक्याने गाळून, १० लिटर करा, साबणाचा चुरा चिमूटभर. निंबोळ्या जूनमध्ये झाडाखाली फुकट पडतात, तेव्हाच वेचून सावलीत वाळवा. फुलं उमलल्यावर काहीही मारू नका, माश्या-मधमाश्या तेव्हाच कामाला येतात. पाऊस संपल्यावर डेऱ्याच्या आतल्या दाट, एकमेकींत गुंतलेल्या बारीक काड्या विरळ केल्यात तर ऊन-वारा आत जाईल. तुडतुड्यांना दमट सावली लागते. खात्री करून घ्यायची असेल तर ममुराबाद किंवा रावेर तालुक्यातल्या पालचं कृषी विज्ञान केंद्र तुम्हाला जवळ आहे. धुळ्याकडच्या वाचकांना तिथलं कृषी महाविद्यालय. जाताना भुसा कागदाच्या पुडीत, अळी सापडली तर बाटलीत, आणि खोडाचे फोटो न्या. 'झाड वाळतंय' एवढंच सांगितलं तर कोणीही पुन्हा बाटलीच देईल.

आणि एक काम झाड वाचो न वाचो, यंदाच करा. पत्रभर मला एक भीती दिसत राहिली, की झाड गेलं तर त्या आंब्याची चवही गेली. कोयीतून उगवलेलं रोप आईसारखंच निघेल याची खात्री नसते, कलम मात्र त्याच झाडाचं असतं. सध्या घरात रस होतोय, तर कोयी फेकू नका. दहा-बारा चांगल्या कोयी धुऊन, लगेच माती-शेणखताच्या पिशव्यांत लावा. जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत, रोपं तांबूस कोवळी असतानाच, रोपवाटिकेतल्या कलम करणाऱ्या माणसाला बोलवा. काड्या झोक्याच्या त्या हिरव्या फांदीच्या शेंड्याकडच्या, तीन-चार महिन्यांच्या, रोपाच्या जाडीच्या घ्यायला सांगा. तो आठ-दहा दिवस आधी येऊन त्यांची पानं खुडून जाईल. सगळी कलमं जगणार नाहीत, म्हणून पिशव्या जास्त भरा. जी जगतील त्यातलं एक मुलाला द्या, आणि या वेळी कुठे लावायचं ते त्यालाच ठरवू द्या, फक्त फरशी कुठपर्यंत आणायची ते आधी ठरवून.